कप्तानाच्या दारातली पट्टी

मित्रांनो, तुम्ही आमच्या दारात आलात तर शंभरातले नव्वद जण मला न बघताच ओलांडून जाल. पायरीच्या कडेला, दगडात दोन्ही पाय रोवून, वीतभर उंचीची लोखंडी पट्टी उभी आहे, ती मी. बुटाचा चिखल खरवडायला मला इथे बसवलं, त्याला पावणेदोनशे वर्षं होत आली. परवा एका पाहुणीने मला खुंटा समजून कुत्रा बांधला. कुत्रा गरीब होता, मीही काही बोलले नाही.

आमचं कॅलोवे लँडिंग मिसिसिपीच्या काठावर आहे. माझा जन्म इथल्याच ओतकामाच्या कारखान्यातला. तेव्हा गावात शिशाच्या खाणी जोरात होत्या आणि आगबोटीच्या कप्तानाने नुकतंच विटांचं घर बांधलं होतं. खाणीचा चिखल म्हणजे महाचिकट, पण माझ्यापुढे त्याची डाळ शिजली नाही. "ही पट्टी आहे म्हणून घर घरासारखं आहे," असं कप्तानाची बायको आल्यागेल्याला सांगायची आणि मी मनातून फुगायचे. पुढे खाणी बंद पडल्या, बोटी थांबल्या, रस्ते डांबरी झाले. चिखलच उरला नाही, मग मला कोण विचारतो? कठड्याला हिरवा रंग देताना उरलेला रंग माझ्यावर फासला. असे तीन थर चढले.

मग कधीतरी गावाला आपल्या जुनेपणाची किंमत कळली. कप्तानाचं घर लोकांना बघायला खुलं झालं आणि पाहुणे येऊ लागले. माझा स्वभाव मुळातच चौकस. माणसांची तोंडं मला दिसत नाहीत, म्हणून मी तळवे वाचते. वसंतात नदी चढते, तेव्हा बुटांना काळा गाळ असतो. उन्हाळ्यात चपलांना आइस्क्रीम लागलेलं असतं. शरदात झाडांचे रंग बघायला गाड्याच्या गाड्या येतात आणि तळव्यांना मेपलची ओली पानं चिकटतात. हिवाळ्यात बर्फ, त्यात रस्त्यावर पसरलेलं जाडं मीठ आणि खडी. एक बाई चारही ऋतूंत येते. तिची फक्त डावी टाच बाहेरून झिजलेली असते. का बरं? मला अजून कळलेलं नाही.

घर दाखवतात त्या आर्डिसबाई. वय एकोणऐंशी, आयुष्यभर इथल्या शाळेत तिसरीला शिकवलं. घरातली जमीन कप्तानाच्या वेळची, मऊ पाइन लाकडाची. बाई गुडघे टेकून तिला मेण लावतात. पण हिवाळ्यातली खडी त्या लाकडाला ओरखडते, म्हणून घराची देखभाल करणाऱ्या समितीने ठरवलं, की नोव्हेंबर ते एप्रिल घराला कुलूप.

"नवरा गेला, मुलं लांब," बाई टपाल घेऊन येणाऱ्या लोइसला पायरीवर सांगत होत्या. "हेही बंद झालं तर हिवाळ्यात सकाळी उठू कशाला मी?"

शेवटी समितीने एक हिवाळा दिला. फेब्रुवारी संपेपर्यंत जमिनीवर एकही नवा चरा दिसला नाही तर घर बारमाही उघडं, नाहीतर कुलूप. त्याच दिवशी बाई पॉलिशपेपर घेऊन माझ्यापाशी बसल्या आणि तिन्ही थर उतरवले. किती वर्षांनी अंगाला वारा लागला!

पण आमची माणसं भारी भिडस्त. पाहुण्याला 'बूट घासा' म्हणायचं कसं? बाई म्हणायच्या, "ती पट्टी तिथे आहे हं, म्हणजे, कुणाला हवी असली तर." लोकांना वाटायचं, बाई जुनी वस्तू दाखवताहेत. ते वाकून माझा फोटो काढायचे आणि तसेच आत जायचे. मग बाई फडकं घेऊन त्यांच्या मागे मागे. असा सगळा हिवाळा काढला, पण चरा पडू दिला नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी समितीचा अध्यक्ष ड्वेन तपासणीला आला. साठीचा गडी, बर्फ हटवायचा ट्रक चालवतो. एके काळी बाईंच्याच वर्गात होता.

"ती पट्टी तिथे आहे हं ड्वेन, हवी असली तर," बाई म्हणाल्या.

"हो हो बाई, लहानपणापासून बघतोय की तिला," असं म्हणून स्वारी सरळ आत. आणि मला आवाज आला, कर्र.

आमच्याकडे निरोप घेणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. ड्वेन पायरीवर आला आणि टोपी फिरवत म्हणाला, "बाई, सांगायला जिवावर येतंय, पण दिवाणखान्यात चरा आहे. ताजा आहे."

"बघितला मी," बाई म्हणाल्या. "थंडी फार आहे नाही आज?" त्यांनी लिंबाच्या वड्यांचा डबा त्याच्या हातात दिला. मग त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी झाली, नदीवरच्या बर्फाची झाली. तो निघाला, थांबला, पुन्हा निघाला. बाईंचा श्वास मला ऐकू येत होता.

तो दोन पायऱ्या उतरला.

"ड्वेन," बाई म्हणाल्या. हा आवाज वर्गातला होता. "तळवा दाखव."

साठ वर्षांच्या अध्यक्षाने कठडा धरून पाय वर केला. बुटाच्या खाचेत एक खडा रुतला होता आणि त्यावर पिवळ्या मेणाचा पापुद्रा.

"चूक माझी," बाई म्हणाल्या. "तिसरीत असताना तुला ठणकावून सांगायचे, बूट घास म्हणून. आज अध्यक्ष झालास तर भीड पडली मला. एका शब्दासाठी सगळा हिवाळा घालवून बसले."

ड्वेन वर आला आणि माझ्यावर बूट घासू लागला. आधी डावा, मग उजवा, चांगला सात-आठ वेळा.

"बाहेर जाताना घासतोय मी, बाई," तो ओशाळून म्हणाला.

"बघतेय ना."

"सोमवारी बैठकीत सांगतो, चरा कुणाचा आहे ते. घर उघडं राहू दे म्हणतो. बंदी घालायचीच तर अध्यक्षाला घाला."

या हिवाळ्यात घर उघडं आहे. बाई दारातच उभ्या राहतात आणि 'या, बसा'च्याही आधी म्हणतात, "आधी बूट." कुणी रागावत नाही. उलट माफी मागतात आणि माझ्याकडे वळतात.

मित्रांनो, जुन्या लाकडाला ओरडता येत नाही. त्याच्या वतीने कुणीतरी भीड सोडून बोलावं लागतं, आणि पाऊल आत पडायच्या आधी बोलावं लागतं. मलाही रंगरंगोटी नको, फोटो नको. आमच्या गावाला कुठल्याही ऋतूत या, पण दारात क्षणभर थांबा आणि तुमचे बूट माझ्यावर घासा.