गिलरुथ मास्तरांचा नादकाटा

मी एक नादकाटा आहे. दोन बोटांचा, पोलादी, शेफील्डच्या भट्टीतला. गुडघ्यावर आपटलं की एकच सूर काढतो. दुसरा येतच नाही, त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही.

माझे मालक एबनेझर गिलरुथ. आठवडाभर बूट शिवायचे आणि रविवारी चर्चमध्ये स्तोत्राचा सूर द्यायचे. स्कॉटलंडातल्या डंडी शहराजवळच्या आमच्या गावात तेव्हा चर्चला वाद्य नव्हतं. एकतीस वर्षं मास्तरांनी सूर दिला की मगच गावाने तोंड उघडायचं.

मग त्यांचे कान गेले. ते मला आपटून माझी दांडी दातांत धरू लागले. सूर हाडांतून डोक्यात पोचायचा. लोकांना वाटायचं, म्हातारपणाची खोड. खरं काय ते ठाऊक होतं मला आणि त्यांच्या बायकोला, एल्सपेटबाईंना. बाहेर कळलं तर मास्तरांची जागा जाणार होती. ऑर्गन आणायला निम्मं गाव टपलेलंच होतं.

तालीम शुक्रवारी. देवाचे शब्द तालमीत झिजवायचे नाहीत, असा आमच्याकडचा रिवाज. म्हणून चाल स्तोत्राची आणि शब्द मेंढ्यांचे, लापशीचे, कसलेही. त्या शुक्रवारी गिरणीच्या मॅनेजरची लेक इझोबेल नवे शब्द घेऊन आली. मागच्या बाकावर चर्चचे कारभारी डाल्गार्नो बसले होते. तिनेच बोलावलेले.

मास्तरांनी मला दातांत धरलं, हात उचलला. बारा जणांनी सुरुवात केली:

"गिलरुथ मास्तर ठार बहिरे,
बोकड गातो बरा;
ऑर्गन आणा, म्हाताऱ्याला
धाडून द्या ना घरा."

मास्तर ताल देत होते. चेहऱ्यावर समाधान. एल्सपेटबाईही गात होत्या. त्या थांबल्या असत्या तर मास्तरांना लगेच दिसलं असतं.

"छान," मास्तर म्हणाले. "आज मनापासून गायलात. पुन्हा एकदा होऊन जाऊ दे."

"मास्तरांची इच्छा," इझोबेल म्हणाली. पुन्हा एकदा झालं.

डाल्गार्नो उठून पुढे आले आणि इझोबेलचा कागद त्यांनी मास्तरांच्या डोळ्यांपुढे धरला. चार ओळी वाचायला मास्तरांना बराच वेळ लागला.

घरी आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तूही गायलीस?"

"थांबले असते तर तुम्हाला कळलं असतं."

"काय?"

बाईंनी मोठ्याने सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं ते शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं.

ऑर्गन आला. गोड वाजतो, खोटं कशाला बोलू. मास्तर आता शेवटच्या बाकावर बसतात आणि मी त्यांच्या खिशात. कुठलं स्तोत्र आहे ते पाटीवर लिहिलेलं असतं, पण ते पाटीकडे बघत नाहीत. गाणाऱ्यांच्या तोंडांकडे बघतात. बायकोच्या तोंडाकडे जास्त.

एल्सपेटबाई, माझं एवढंच मागणं आहे. रविवारी ओठ जरा नीट उघडून गात जा. तुम्ही काय गाता, याची त्यांना अजून खात्री नाही.