बोर्ड चालेल का?

जहाजाचं खूळ निघालं सुशीलाबाईंच्या डोक्यातून, पण त्या खुळापायी कोठीच्या बाजारात उन्हात वणवण केली ती इंदुताईंनी.

दोघी विद्यानगरच्या. घरं इतकी जवळ की एकीच्या कुकरची शिट्टी दुसरीला ऐकू यावी. अलीकडे मात्र सुशीलाबाईंना ती ऐकू येत नसे. कानात मशिनं होती म्हणून बोलणं तरी कळायचं. इंदुताई युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतून निवृत्त झालेल्या. लग्न त्यांनी केलंच नव्हतं. सुशीलाबाईंनी मराठी शाळेत जन्म काढला. नवरा सिकंदराबादला रेल्वेत होता, तो गेल्यालाही आता बराच काळ लोटला होता. त्याच्या पासावर बाईंनी निम्मा देश पाहिला होता, पण सगळा रुळांवरून. समुद्र पाहिला तो किनाऱ्यावर उभं राहूनच.

म्हणून मुलानं, सारंगनं, आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझचा बेत काढला तेव्हा बाईंना आभाळ ठेंगणं झालं. सारंग नि त्याची बायको स्नेहा एका केबिनमध्ये, आई दुसऱ्या. आईच्या केबिनमध्ये दुसरा पलंग रिकामाच राहणार होता.

"इंदूमावशीला घे की," सारंग म्हणाला. "तुलाही सोबत. पैशांचं नंतर बघू."

त्याच संध्याकाळी सुशीलाबाई धापा टाकत इंदुताईंकडे आल्या. "पासपोर्ट काढ बाहेर. जायलो आपण."

"अगं, पण माझं मशीन?"

"मशीनसकट नेते तुला. घोरलीस तरी मला कुठं ऐकू येणारे? रात्री कान काढून डबीत ठेवते मी."

दोघी पोट धरून हसल्या.

इंदुताईंचा श्वास झोपेत अडकायचा. त्यासाठी डॉक्टरांनी रात्री नाकावर लावायचं मशीन दिलं होतं, बारीक सूं सूं आवाज करणारं. प्लग नाही तर मशीन नाही, आणि मशीन नाही तर झोप नाही. सुशीलाबाईंची कानातली मशिनंही रोज रात्री डबीत घालून चार्जिंगला लावावी लागत. तेव्हा जहाजाच्या केबिनमध्ये कुठला प्लग चालतो हे आधी बघायला हवं, असं इंदुताईंनी मनावर घेतलं. लायब्ररीत आयुष्य गेलेल्या बाई त्या, अर्धवट माहितीवर त्यांना चैन पडत नसे.

कोठीच्या इलेक्ट्रिकच्या गल्लीत दुकानदारानं त्यांच्यापुढे ॲडॉप्टरांचा ढीग ओतला. "अम्मा, जहाज का सॉकेट कैसा है, वो पूछ के आओ. बाद में वापस नै लेते."

त्या परत आल्या आणि सिकंदराबादच्या ज्या ट्रॅव्हल ऑफिसातून सारंगनं बुकिंग केलं होतं तिथे फोन लावला. तिथल्या मुलीनं जहाजवाल्यांना विचारून दुसऱ्या दिवशी उलट फोन केला. केबिनमध्ये चपट्या दोन पिनांचं अमेरिकन सॉकेट असतं नि गोल दोन पिनांचं युरोपियन. आपला तीन पिनांचा प्लग कशातच जात नाही. साधे ॲडॉप्टर न्यावेत. वीज कमीजास्त झाली तर सांभाळणारे जे बोर्ड असतात, ते मात्र न्यायचेच नाहीत. जहाजाच्या विजेला ते धोक्याचे, चढतानाच सामानातून काढून घेतात.

इंदुताई पुन्हा कोठीला गेल्या. दोन चांगले ॲडॉप्टर आणले. एकावर चिकटपट्टी लावून त्यावर 'सुशी' लिहिलं आणि दोन्ही टेबलाच्या खणात ठेवले.

पुढे कधीतरी दुपारी फोन वाजला. सुशीलाबाईंच्या विहीणबाई, स्नेहाच्या आई, भाग्यलक्ष्मीबाई बोलत होत्या. इंदुताईंची नि त्यांची ओळख लग्नकार्यातली, नमस्कारापुरती.

"अहो, सुशीलाताई म्हणाल्या, प्लगचं सगळं तुम्हांला ठाऊक आहे. मला जरा सांगता का, काय घेऊ? तिथं माझा फोन बंद पडला तर काय करायचं हो?"

या कशाला विचारतायत, असं मनात आलं खरं. पण असतील लेक-जावयाबरोबर निघालेल्या, म्हणून इंदुताईंनी सगळं नीट समजावून दिलं. सॉकेट कसं, ॲडॉप्टर कसा, कोठीत कुठल्या दुकानात. "आणि बोर्ड अजिबात नेऊ नका. जप्त करतात."

"बरं झालं बाई विचारलं! तुम्ही पण यायला हव्या होतात. पण तुमची तब्येत, नै का? स्नेहा सांगत होती."

इंदुताईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "तुमची केबिन कुठली?"

"मी सुशीलाताईंबरोबरच की. दोघी विहिणी एका खोलीत! लोक हसतील."

"छान," इंदुताई म्हणाल्या. "छान होईल."

फोन ठेवल्यावर त्या स्वयंपाकघरात गेल्या, चहाचं आधण ठेवलं, आणि पाणी आटून भांडं करपल्याचा वास आला तेव्हा भानावर आल्या. आपल्याला वगळलं याचं जेवढं वाटलं, त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. सुशी रोज फिरायला येत होती. कालसुद्धा आली होती. काल तर दोघींनी, जहाजावर साडी नेसायची की पंजाबी ड्रेस, यावर वाद घातला होता. म्हणजे काल तिला माहीत होतं.

त्या संध्याकाळी सुशीलाबाई फिरायला आल्या नाहीत. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. इंदुताईंनी स्वतःहून विचारायचं नाही असं ठरवलं. येईल ती, सांगेल. रडेल थोडी, सुनेला शिव्या घालेल, मग आपण म्हणू, जाऊ दे गं. एवढं झालं असतं तरी त्यांना पुरलं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी सुशीलाबाई आल्या. हातात कापडी पिशवी. आल्या आल्या त्यांनी व्हिसासाठी नेलेला इंदुताईंचा पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला, नि बोलता बोलता तो जरा पुढे सरकवला, जसा काही उसना नेलेला डबा परत करावा.

"व्हिसाचं जमलं नाही बघ. सारंगनं लै खटपट केली."

"हो का?"

"शिवाय तो म्हणत होता, मावशीला जहाजावर काही झालं तर? मशीन बंद पडलं तर? जबाबदारी कोणाची? आणि त्याचा आवाजही... म्हणजे, मला काही नाही, पण..."

"पण रात्री तर तू कान काढून ठेवतेस."

सुशीलाबाईंनी नजर चुकवली. विहीणबाईंचं नाव त्यांनी घेतलं नाही. आवाजाचा त्रास कोणाला होणार होता, हेही सांगितलं नाही. इंदुताई वाट पाहत राहिल्या. आता बोलेल, मग बोलेल. सुशीलाबाईंनी पिशवीत हात घातला आणि एक पांढरा बोर्ड काढला, लाल बटणाचा, चार-पाच प्लग एकदम लागतील असा. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, वीज कमीजास्त झाली तरी उपकरणं सुरक्षित.

"स्नेहानं ऑनलाइन मागवलाय. म्हणाली, याला सगळ्या देशांची पिन आहे, वेगळं काही घ्यायला नको. तू सगळं विचारून ठेवलंयस ना? बघ बरं, हा बोर्ड चालेल का?"

इंदुताईंनी बोर्ड हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला. ॲडॉप्टर ठेवलेला खण त्यांच्या गुडघ्याशी होता. नुसता ओढायचा अवकाश.

"चालेल," त्या म्हणाल्या.

"नक्की ना?"

"हो गं. न चालायला काय झालं?"

सुशीलाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी इंदुताईंचा हात दाबला, "तुझ्यासाठी काहीतरी आणते," म्हणाल्या आणि गेल्या. इंदुताईंनी दार लावलं. त्यांना बरं वाटत होतं. इतकं बरं वाटेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

ते बरं वाटणं तीनेक दिवस टिकलं. मग स्नेहानं जहाजावरचे फोटो लावले. मोठं जेवणघर, पांढऱ्या चादरींची टेबलं, सारंग पेला उंचावून काही सांगतोय, सगळ्यांच्या माना त्याच्याकडे. सुशीलाबाई मात्र समोर कॅमेऱ्याकडे बघत हसत होत्या. ते हसू इंदुताईंच्या ओळखीचं होतं. मशिनं नव्हती त्या दिवसांत कोणी काही बोललं नि कळलं नाही की सुशी अशी हसायची, ओठ घट्ट मिटून, मान जराशी हलवत. बँकेत, दवाखान्यात, लग्नांत.

इंदुताईंनी स्नेहाला निरोप लिहायला घेतला. रिसेप्शनवर मागितलं तर ॲडॉप्टर मिळतो, आईंसाठी घ्या. लिहून झाला. मग वाटलं, मला का म्हणून? तिच्या सख्ख्यांना दिसत नाही का? समोर बसलेत ना सगळे? त्यांनी निरोप पुसून टाकला. थोड्या वेळानं परत लिहिला, परत पुसला. त्यानंतर त्यांनी फोटोच बघायचं सोडलं.

परत आल्यावर दोन दिवस सुशीलाबाईंचा पत्ता नव्हता. तिसऱ्या दिवशी आल्या त्या रिकाम्या हातानं. खुर्चीवर बसल्या, पाणी नको म्हणाल्या.

"बोर्ड चढतानाच काढून घेतला. त्या माणसानं त्याला चिठ्ठी बांधली नि टोपलीत टाकला. टोपलीभर होते तसे." त्यांचा आवाज शांत होता. "माझी डबी मग कशातच लागेना. दुसऱ्या दिवशी दुपारी कान बंद झाले."

"रिसेप्शनवर विचारायचं होतं."

"सांगितलं स्नेहाला. ती म्हणाली, बघते. तिची सुट्टी, तिच्या लग्नाचा वाढदिवस, किती वेळा सांगायचं? विहीणबाईंकडे होता एक ॲडॉप्टर. त्यात त्यांचा फोन. दिवसभर व्हिडिओ काढायच्या ना त्या. एकदा रात्री मागून घेतला, तर पहाटे डोळा उघडला तेव्हा माझी डबी बाजूला नि त्यांचा फोन लावलेला. परत मागवेना मला." त्या थांबल्या. "सारंगनं जेवताना भाषण केलं म्हणे. बाबांची आठवण काढली त्यानं. मला घरी आल्यावर कळलं. मी तिथं हसत होते, इंदू. बाप आठवून पोरगा रडत होता नि मी हसत होते."

इंदुताईंचा हात टेबलाच्या खणाकडे गेला नि मागे आला.

"जहाजावरच मी विहीणबाईंना विचारलं होतं, तुम्हांला बरी अक्कल सुचली ॲडॉप्टर घ्यायची. त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. इंदुताईंनी फोनवर सांगितलं, बोर्ड जप्त करतात." सुशीलाबाईंनी प्रथमच वर पाहिलं. "तुला माहीत होतं?"

नाही म्हणता आलं असतं. नंतर कळलं, विसरले, गोंधळ झाला, काहीही. पण इंदुताई म्हणाल्या, "हो. आणि तुलाही माहीत होतं. मला नेत नाहीयेस हे. माझ्याबरोबर साड्या ठरवत होतीस तेव्हा माहीत होतं."

"होतं. सून म्हणाली, माझ्या आईला नेऊ. मला नाही म्हणता आलं नाही. त्यांच्या घरात राहायचंय मला पुढे, इंदू. तुला सांगायची लाज वाटत होती, म्हणून रोज उद्यावर ढकललं."

"ते तरी सांगायचंस! मी काय खाणार होते तुला?"

"मी भ्याले," सुशीलाबाई म्हणाल्या. "तू नाही भ्यालीस. तू बोर्ड हातात घेतलास, उलटापालटा केलास, नि मग चालेल म्हणालीस."

यावर इंदुताईंना पुष्कळ बोलायचं होतं. फोटो पाहून दोनदा निरोप लिहिला होता, तेही सांगायचं होतं. पण तो पाठवला का नाहीस, हे तिनं लगेच विचारलं असतं, म्हणून तेही राहिलं. सुशीलाबाई उठल्या. उंबऱ्यात चप्पल घालताना त्यांचा तोल गेला, इंदुताईंनी हात पुढे केला. सुशीलाबाईंनी भिंत धरली.

संध्याकाळचं फिरणं सुटलं. सुशीलाबाई महिन्याभरात मुलाकडे, शहराच्या पलीकडच्या टोकाला राहायला गेल्या. इथलं घर भाड्यानं दिल्याचं इंदुताईंना वाण्याकडून कळलं.

पुढे मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात दोघींची गाठ पडली. चहाच्या टेबलाशी बायकांचा घोळका होता, भाग्यलक्ष्मीबाईही होत्या. इंदुताई जवळ गेल्या. काय बोलायचं ते त्यांनी बसमध्ये मनाशी घोळवलं होतं. 'सुशी, ऐक ना,' इथून सुरुवात करायची होती.

सुशीलाबाईंनी त्यांना पाहिलं आणि हसून जागा करून दिली.

"या इंदुताई, बसा. कशी आहे तब्येत तुमची?"

शाळेतल्या पालकांशी बोलावं तसं, नीट, आदरानं. आजूबाजूच्या कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. इंदुताईंनी चहाचा कप उचलला.

"बरी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही कशा आहात?"

भाग्यलक्ष्मीबाई पुढच्या सहलीचं सांगू लागल्या नि सगळ्या त्यांच्याकडे वळल्या.