तिसऱ्या कड्यातली माती

"बाबा, फळीवरून! फळीवरून या," मयूरी सवयीने ओरडली आणि स्वतःच हसली. प्रयोग संपला होता, आज सगळं उकरायचंच होतं, आता फळी कशाला? पण हिलाल फळीवरूनच आला. शहाद्यापलीकडच्या या उजाड माळावर त्याने इतकी वर्षं राखण केली, पण मातीवर पाय म्हणून ठेवला नाही. पायांची सवय अशी एका दिवसात सुटते होय?

माळावर प्लास्टिकने वेढलेली सहा गोल कडी होती. पहिल्या तीन कड्यांत नळीने कार्बन डायऑक्साइड गॅस सोडायचा, पन्नास वर्षांनी हवेत जेवढा असेल तेवढा. तसल्या हवेत ही कोरडी माती कार्बन धरून ठेवते का, ते बघायचं. पाणी पावसाचंच, वरचा थेंब नाही. गावातले लोक विचारायचे, "काय राखी ऱ्हायना रे हिलाल, वारा?" तो हसून घ्यायचा. शेळ्या हाकलता हाकलता आता तो पार थकला होता.

हा प्रयोग मयूरीचा. ती मूळची जवळच्याच प्रकाशा गावची, त्याच्याशी घरच्याच बोलीत बोलायची. तिसऱ्या कड्यात तिने कुदळीचा पहिला घाव घातला.

"हाईच आपलं सोनं, बाबा. मांगला साल सर्वास्मा जास्त कार्बन आठेच, या कडामा निंघना. मन्हं सगळं काम येनावर उभं शे."

हिलाल फळीवर पुढे सरकला. गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"ताई, त्यामा मी पानी टाकेल शे."

"कव्हय?"

"दर आखाजीले. कौसानी घागरनं."

कौसाबाई, त्याची बायको, हे काम लागलं त्याच वर्षी गेली. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मेलेल्याच्या नावाने घागर भरायची आणि नैवेद्य झाला की पाणी झाडाच्या बुडाशी द्यायचं, ही त्यांच्या घरची रीत. प्रत्येक कड्यात बोराटीचं एकेक काटेरी झुडूप होतं. कडी उभी राहण्याआधी कौसा भाकरी घेऊन यायची, ती तिसऱ्यातल्या बोराटीशी बसायची.

"पानी घालानं नही, हाई तुम्हले माहीत नही व्हतं का?"

"माहीत व्हतं. पन मरेल मानूसले दिधेल पानी, ते शेतले दिधेल पानी थोडंच ऱ्हास? असं मन्हा मनमा."

मयूरीने कुदळ खाली टाकली. तिला रागावायचं होतं, पण रागावताही येईना. तिने कड्यावरची पाटी उपटली.

"हाई कडं गयं, बाबा. कार्बन ग्यासमुळे वाढना का पानीमुळे, कसं समजी? मोजामा धरता येत नही."

हिलालला फार वाईट वाटलं. पोरीच्या कष्टांवर त्याने बोळा फिरवला होता, तोही बायकोच्या नावाने.

संध्याकाळी पाच कड्यांची माती पिशव्यांत भरून टेम्पोने गेली. फळ्याही गेल्या. माळावर खड्डे उरले. तिसऱ्या कड्यातली माती तेवढी जागच्या जागी होती, कुणालाच नको असलेली.

हिलालने वहाणा काढल्या. फळी नव्हती, म्हणून तो कड्याबाहेरच बसला, आणि हात लांबवून बोराटीच्या बुडाशी कुदळीने उलथलेलं ढेकूळ चुरून सारखं करू लागला.