पायसने निवडलेली दोन पिंपं

पायस लोपीस मिसिसागाला विमानतळाजवळच्या एका गोदामात सत्तावीस वर्षं माल तपासायला होता. रिटायर झाला तरी सवय गेली नाही. माणूस समोर आला, की हा भरलेला किती आणि नुसता खोका किती, हे मनात टिपून तो मोकळा. जावयाच्या नावापुढे त्याने साखरपुड्यालाच शेरा मारून ठेवला होता: रॉड्नी, स्वभावाने सरळ, निर्णयाला कच्चा.

आज हाच कच्चेपणा पायसच्या अंगाशी येणार होता.

रॉड्नीने जवळच्याच वॉनमध्ये एक युनिट घेऊन बरबन या अमेरिकन व्हिस्कीचं ब्लेंडिंग सुरू केलं होतं. बरबन गाळायची ती अमेरिकेतच, त्यामुळे केंटकी आणि इंडियानाहून मुरलेली पिंपं मागवायची, एकमेकांत मिसळायची आणि इथे, सीमेच्या अलीकडे, बाटल्यांत भरायची, एवढंच त्याचं काम. पिंपं निवडायला त्याने सासऱ्याला बोलावलं, आणि नऊ पिंपांवर दोघांचं एकमत झालं. गाडी अडली ती केंटकीच्या दोन जुन्या पिंपांपाशी. त्यांना पिकल्या फणसासारखा वास येत होता. रॉड्नीला तो जरा अति वाटला. पायस म्हणाला, घाल, माझ्यावर सोड. रॉड्नीने घातली. आणि अकरा पिंपं एकदा स्टीलच्या टाकीत गेल्यावर त्यातली दोन वेगळी काढून दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

निवाडा करायला उल्का देशकर आली होती. मूळची नागपूरची, शिकून केमिकल इंजिनिअर, आणि गेली दहा वर्षं व्हिस्कीच्या परीक्षक मंडळांवर. तिने नको म्हटलं तर बॅच भरायची नाही, असं रॉड्नीने आधीच ठरवून टाकलं होतं. पायसने तिच्याही नावापुढे शेरा लिहिला: हसत नाही, म्हणजे कामाची.

टेबलावर झाकण घातलेले तीन ग्लास होते. पहिल्यात केंटकी, दुसऱ्यात इंडियाना, तिसऱ्यात ब्लेंड. पायसची बायको बीआट्रिस डबा घेऊन आली होती आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर, आपला काही संबंध नाही अशा थाटात, सगळ्याकडे कान लावून बसली होती.

पहिले दोन ग्लास सुरळीत गेले. व्हॅनिला, करपलेली साखर, राय धान्याचा तिखटपणा, असं काहीबाही उल्का लिहीत गेली. तिसरा ग्लास तिने नाकाशी धरला, खाली ठेवला, नाक ताजं करायला स्वतःच्या बाहीचा वास घेतला, ग्लास पुन्हा उचलला. मग एक घोट तोंडात घोळवून थुंकला.

"रॉड्नी, यात जिरं आहे," ती म्हणाली. "धणे आहेत. मिरचीसुद्धा असावी."

राय असेल, असं रॉड्नी पुटपुटला. राय आपल्याला कळते, असं तिने शांतपणे सांगितलं. एखादं पिंप भलत्या मालाशेजारी पडून राहिलं असेल, तर सगळी टाकी गेली समजायची. रॉड्नीने सासऱ्याकडे पाहिलं नाही. त्याचं ते न पाहणंच पायसला जास्त लागलं. भलतं पिंप कोणतं, याची चौकशी करायची गरजच नव्हती.

पायसने ग्लास ओढून घेतला. वास तर झकास होता. रविवारी घरी चाखली तेव्हाही असाच होता. तो, बीआट्रिस, मुलगी केझिया आणि रॉड्नी, चौघांनी किचन टेबलाशी बसून वाखाणली होती. चौघांपैकी एकालाही जिरं सापडलं नव्हतं. आणि सापडणार कसं? त्या घरात पडद्यांनासुद्धा बॉटल मसाल्याचा वास. बीआट्रिस दर उन्हाळ्यात वसईच्या पद्धतीने वीस-बावीस जिन्नस भाजून, कुटून, काठीने ठासून तपकिरी बाटल्यांत भरते. बाहेरून येणाऱ्याला त्याचा वास दारातच गाठतो. घरच्यांना तो वासच वाटत नाही.

तिसरा ग्लास ज्या बाटलीतून भरला होता, ती त्याने हातात घेतली. तपकिरी. झाकणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. जास्त तिखट मसाल्याची ही बीआट्रिसची खूण. रॉड्नीला सॅम्पलची एक बाटली कमी पडली होती आणि सासूबाईंनी ती मायेने पुरवली होती.

बोलावं, तर चाळीस वर्षांच्या संसारात बायकोच्या बाटलीवर बोट. न बोलावं, तर आपली पिंपं बदनाम आणि पोराची टाकी गटारात. हिशेब लागला, पण नुसता लागून भागणार नव्हतं.

"रॉड्नी, ही बाटली बाजूला ठेव," तो म्हणाला. "स्वच्छ ग्लासात टाकीतून काढ."

"मी तीनदा धुतलीय ती, सोडा घालून," कोपऱ्यातून आवाज आला. कुणी विचारलं नव्हतं.

"बाटली धुतलीस गं. झाकणातलं रबर कोण धुणार?"

उल्काने झाकण नाकाशी नेलं आणि दिवसात पहिल्यांदा हसली. पायसला तिच्यापुढचा शेरा खोडावा लागला.

रॉड्नीने टाकीतून ग्लास भरून आणला. उल्काने पाणी घालून दारूचा कडकपणा बेताचा केला, क्रॅकर बिस्किट चावून तोंड कोरं केलं, आणि मग इतका वेळ लावला, की बीआट्रिसने गळ्यातला क्रूस मुठीत धरला.

जिरं नाही, असं उल्काने शेवटी सांगितलं. धणेही नाहीत. शेवट अजून आखूड आहे, गिळल्यावर चव लवकर विरते. महिनाभर टाकीतच राहू दे, मग भर. आणि तिने पायसकडे वळून विचारलं, "काका, हा फणस कुठून आला?"

"जुन्या दोन पिंपांतून."

"तीच धरून ठेवतायत सगळं. नाहीतर नुसतीच गोड झाली असती."

रॉड्नीने टाकीचा नळ पुन्हा एकदा घट्ट केला. आता मात्र त्याने सासऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पायसने खिशातला रुमाल काढून उगाचच चष्मा पुसला. छातीवरचं ओझं उतरलं, तशी त्याला एकदम कडकडून भूक लागली.

डबा उघडला. मटण होतं, अर्थात त्याच मसाल्यातलं. उल्काने दोनदा वाढून घेतलं आणि निघताना, ती बिघडलेली बाटली कुणाला नको असेल तर आपण नेऊ का, असं विचारलं. मटण मुरवायला बरी पडेल.

"न्या की," बीआट्रिस म्हणाली. "झाकण तेवढं परत पाठवा."