लाल बोट

आमच्या साल्वादेरा गावात लाल रंगाला बंदी होती. तसा कायदा नव्हता, पण कायद्याला विचारतो कोण? तोलिमा प्रांताच्या डोंगरात आम्ही निळ्या पक्षाचे, घाटाखालचे सगळे लाल पक्षाचे, आणि दहा वर्षं दोघांनी एकमेकांना कापण्यापलीकडे दुसरं काही केलं नव्हतं. दारं निळी, खिडक्या निळ्या. कुणाच्या कुंडीत लाल फूल उमललं तर पाद्री स्वतः उपटून टाकायचा. तुलियाबाई म्हणायची, "मला तर डास मारायचीसुद्धा भीती वाटते गं. रक्त लाल निघायचं, आणि कुणीतरी बघायचं."

तुलियाबाई आणि मी कॉफीच्या कारखान्यात एकाच बाकावर बसायचो. टेबलावर दाण्यांचा ढीग, त्यातले काळे, किडके, फुटके बोटाने बाजूला सारायचे. वीस वर्षं हेच काम. माझं नाव उबाल्दिना, पण कारखान्यात मला 'सुई' म्हणत, इतकं माझं अंगठ्याशेजारचं पहिलं बोट चपळ होतं.

माझा नवरा अबेलार्दो निळा. लालांच्या टोळीने घाटात बस अडवली, ओळखपत्रांवरची गावं बघून निळे खाली उतरवले आणि अकरा जणांना कोयत्याने तोडलं. तो घरी आला तो कॉफीच्या गोणीतून. चेहरा राहिलाच नव्हता. मी रफू केलेल्या मोज्यावरून त्याला ओळखलं.

तिसऱ्या दिवशी माझा धाकटा भाऊ क्लोडोमिरो अंगणात आला. आई गेल्यावर मीच त्याला लहानाचा मोठा केला होता. तोवर तो निळ्यांच्या मारेकऱ्यांत सामील झाला होता. त्याने माझ्या पायाशी एक पिशवी ठेवली. लहानपणी नदीवरून मासा धरून आणायचा, तेव्हा जसा हसायचा तसाच हसत होता.

"ताई, बघ तरी. अबेलार्दोसाठी आणलंय."

पिशवीत कान होते, माणसांचे. रक्त सुकून एकमेकांना चिकटलेले. एका कानात चांदीच्या तारेचं बारीकसं कर्णफूल होतं.

"हा बाईचा आहे, क्लोडोमिरो."

"मग? लालच होती की."

मी तिथेच ओकले. त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्याला वाटलं, मी नवऱ्यासाठी रडतेय. त्या कर्णफुलाची बाई मला पुढे कित्येक महिने दिसत राहिली. ती घाटाखाली कुठल्यातरी बाकावर कॉफी निवडत असेल, माझ्यासारखीच. तिला कुणी काही विचारलं नव्हतं आणि मलाही नाही. मारायचं कुणाला हे पुरुषांनी ठरवायचं आणि प्रेतं धुवायची आम्ही. मला भयंकर राग आला होता, आणि तो कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं.

मग सत्तावन्न साल आलं आणि राजधानीतल्या मोठ्या लोकांना अक्कल सुचली. दोन्ही पक्षांनी भांडण थांबवून मिळून राज्य करायचं की नाही, हे सगळ्या देशाला विचारणार होते. बायकांनासुद्धा! जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी काहीतरी विचारत होतं. आता आकाश कोसळलं तरी मी जाणार होते.

मतासाठी ओळखपत्र काढायला गेले तर कारकुनाने माझं उजवं पहिलं बोट तीनदा शाईत बुडवून कागदावर दाबलं. तिन्ही वेळा नुसता डाग.

"बाई, बोट आहे का चमचा? रेषाच नाहीत ह्याला!"

"दाण्यांनी खाल्ल्या, साहेब. दुसरं बोट घ्या."

"दुसरं चालत नाही. नियमात हेच आहे."

आठ दिवस मी ते बोट दाण्यांना लावलं नाही. रोज डुकराची चरबी चोळली. मुकादम माझ्या नावाने शंख करत होता, करू दे. नवव्या दिवशी कागदावर रेषा उमटल्या, बारीक, एकात एक. माझ्या अंगावर असं काही सुंदर आहे, हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.

क्लोडोमिरोला हे समजल्यावर तो पिसाळला.

"लालांशी तह? अबेलार्दोचं रक्त विसरलीस तू? आणि तह झाल्यावर आम्ही काय करायचं? तुझ्या शेजारी बसून कॉफी निवडायची?"

"हात बरे असतील तर मुकादम घेईल की."

"गेलीस तर माझ्याशी गाठ आहे, ताई."

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, प्रार्थना आटोपल्यावर, आम्ही चौदाजणी शाळेत रांगेला उभ्या राहिलो. पुढे जाऊन बघतो तर टेबलावर शाईची बाटली, आणि शाई लालभडक. मत दिल्याची खूण म्हणून त्यात बोट बुडवायचं. बायका चटका बसल्यासारख्या मागे सरकल्या.

तुलियाबाईने विचारलं, "साहेब, निळी नाही का?"

"राजधानीहून हीच आलीय."

"राजधानीत एकही शहाणा माणूस उरला नाही वाटतं."

तिघीजणी तशाच घरी परतल्या. मी त्यांना नावं ठेवत नाही, त्यांना पोरंबाळं होती. तुलियाबाईने बोट बुडवलं. मी दुसऱ्या पेरापर्यंत बुडवलं.

घरी येताना मी हात एप्रनखाली झाकून धरला होता. फाटकाशी माझी मलाच लाज वाटली आणि मी तो बाहेर काढला. क्लोडोमिरो अंगणात उभा होता.

"पूस ते."

"पुसून जात नाही. आणि जात असतं तरी पुसलं नसतं."

त्याने मनगट धरून मला ओढत नेलं. कोंबड्या कापायच्या ओंडक्यावर माझा हात दाबला. मी त्याच्या दंडाला चावले, पोटरीवर लाथा मारल्या. गुडघा माझ्या पाठीत रोवून त्याने इतर बोटं मुडपली.

"चुकलं म्हण. ताई, एकदाच म्हण!" तो रडत होता, मेला. रडत रडत कोयता उचलत होता.

"त्या पिशवीतला कर्णफुलाचा कान कुणाचा होता ते सांग. मग म्हणते."

आधी लाकडाचा आवाज ऐकू आला. मग मातीत एक लाल बोट दिसलं, आणि ते माझं आहे हे कळायला थोडा वेळ गेला. त्यानंतर खांद्यापर्यंत आग उसळली आणि मी गुरासारखी ओरडले. क्लोडोमिरो माझ्याकडे न बघता फाटकातून पळाला.

ओरडा ऐकून तुलियाबाई कुंपण ओलांडून आली. तेवढ्यात एका कोंबडीने बोट चोचीत धरून धूम ठोकली होती. तुलियाबाईने तिला कोपऱ्यात गाठलं, दांडक्याच्या एका फटक्यात आडवी केली आणि बोट सोडवून घेतलं. माझा हात एप्रनने करकचून बांधला. मग घरातली बडीशेपेच्या दारूची बाटली उघडून अर्धी जखमेवर ओतली आणि उरलेल्या दारूत बोट सोडलं.

"पुरून टाक गं," मी कण्हत म्हणाले.

"पुरतेय कशाला? ओळखपत्रावर ह्याचाच ठसा आहे."

तहाला देशाने हो म्हटलं, आणि मार्चमध्ये राज्य करणारी माणसं निवडायला पुन्हा मतदान आलं. तोवर जखम भरली होती आणि मी डाव्या हाताने निवडायला शिकत होते. मला आता कुणी सुई म्हणत नव्हतं. शाळेत तेच टेबल, तीच शाई, आणि कारकुनाच्या खांद्याशी पक्षाचा माणूस म्हणून क्लोडोमिरो उभा, कमरेला कोयता. तीन महिन्यांनी आम्ही समोरासमोर आलो होतो.

मी घडी केलेली चिठ्ठी पेटीत टाकायला हात पुढे केला. कारकुनाने तो बघितला आणि अडखळला. "बाई, आधी उजवं पहिलं बोट..."

"नाहीये तिला," क्लोडोमिरो जमिनीकडे बघत म्हणाला. "बोट नाही तर मत नाही. पुढची घ्या."

मी झोळीतून बाटली काढली. बूच दातांनी उपटलं आणि बोट तळहातावर घेतलं. ते पांढरंफटक, सुरकुतलेलं झालं होतं, पण नखाच्या कडेला डिसेंबरची लाल रेघ अजून होती. अंगठा आणि मधल्या बोटात धरून मी ते शाईत बुडवलं, दुसऱ्या पेरापर्यंत.

"ताडून बघा, साहेब. रेषा माझ्याच आहेत."

कारकुनाने घाम पुसला आणि न ताडताच माझ्या नावापुढे खूण केली. मी चिठ्ठी पेटीत टाकली. क्लोडोमिरोचा चेहरा पिवळा पडला होता. पिशवी भरून कान आणणारा हा माणूस भिंतीला धरून ओकत होता.

मी ते ओलं बोट त्याच्या तोंडासमोर धरलं.

"घे. पुन्हा काप."

त्याचा हात कमरेच्या कोयत्यापर्यंत गेला आणि तिथेच थबकला. माझ्या मागून तुलियाबाईचा आवाज आला, "काप की रे! नाहीतर बाजूला हो, रांग अडलीय."

तो बाजूला झाला.