काचेसारखं पाणी

आयोवातल्या त्या पेट्रोल पंपाशेजारी राहणाऱ्या आर्डिसच्या तळघरात पेट्रोलचा वास येत होता. पंपाचा मालक वर्लिन म्हणायचा, म्हातारीचं नाक बिघडलंय. खरं काय ते कळावं म्हणून त्याच्या जमिनीतल्या टाक्यांजवळ मी, सरकारी तपासनीस, भूजलाचे नमुने घ्यायला उभा पाइप पुरला होता. मागच्या खेपेला त्यातल्या पाण्याच्या वासाने माझं डोकं चढलं होतं. आज पाणी काचेसारखं निघालं.

"बघा बाई, उगाच माझी बदनामी चालवली होती," वर्लिन म्हणाला. सकाळपासून तो भलताच गोड बोलत होता. एरवी हा माणूस साधं पाणी विचारत नाही, आज दोनदा कॉफी झाली होती.

मी बाटली नाकाशी धरली. पोहण्याच्या तलावासारखा वास आला. जमिनीखाली क्लोरीन कोण टाकतं? गाड्या धुवायची रबरी नळी जवळच ओली पडली होती.

"वर्लिन, यात नळाचं पाणी सोडलंत?"

"छे हो. पावसाचं गेलं असेल."

या गावात महिनाभर थेंब नव्हता. मी वाद घातला नाही, ड्रिलवाल्याला फोन लावला.

"उद्या नवं भोक पाडायचंय. आर्डिसच्या अंगणात. तिथवर यांची नळी पुरत नाही."