टेसच्या वाटणीची लस

शुक्रवारी सकाळी मी पायलच्या वेणीला रिबीन बांधत होते. तिनं हळूच विचारलं, "आई, कुत्र्याचं पिल्लू चावलं तर माणूस मरतं का गं?"

माझा हात तिथंच थांबला. "कुठलं पिल्लू?"

ती रडायला लागली आणि सगळं सांगून मोकळी झाली. मी कामाला होते त्या बंगल्यामागच्या पाइपच्या शेडमध्ये तिनं आणि साहेबांच्या टेसनं एक पिल्लू लपवून ठेवलं होतं. दोघी आपल्या वाट्याचं दूध त्याला घालायच्या. मंगळवारी ते दोघींना चावलं. पायलच्या बोटाला, टेसच्या मनगटाला. काल ते पाणीही पिईना, नुसती लाळ गळत होती. आज सकाळी ते मेलेलं सापडलं. कुत्री पाळायची नाहीत हा टेसच्या आईचा, मॅडमचा नियम होता, म्हणून दोघींनी एकमेकींना शपथ घातली होती.

मी पायलचं बोट धरलं. दोन बारीक खपल्या. तीन दिवस मी त्याच हाताला जेवण वाढलं होतं आणि मला दिसल्या नव्हत्या.

ही १९९४ सालच्या मार्चमधली गोष्ट. लोणंदला स्टेशनच्या अलीकडं ग्रेम साहेबांनी बंगला भाड्यानं घेतला होता. साहेब न्यूझीलंडचे. त्यांच्या ख्रिस्ती संस्थेनं दुष्काळी गावांत पिण्याच्या पाण्याच्या बोअर मारायचं काम काढलं होतं, त्याचे ते इंजिनियर. माझे मालक मिलिंद त्यांच्या बोअरच्या गाडीवर ड्रायव्हर होते आणि मी घरात स्वयंपाकाला. आम्ही बंगल्याच्याच आवारात, मागच्या दोन खोल्यांत राहायचो. साहेबांच्या बायकोचं नाव हेदर. त्या पाचगणीला राहून मराठी शिकल्या होत्या, पुस्तकातल्यासारखं बोलायच्या, मला कायम 'तुम्ही' म्हणायच्या. टेस त्यांची एकुलती एक. तीन वर्षांची असताना आली, आता आठची झाली होती, पायलच्याच वयाची. तिचं मराठी मात्र लोणंदच्या पोरांचं.

त्या आठवड्यात साहेब आणि मिलिंद दोघंही सांगली जिल्ह्यात, जतच्या पलीकडं बोअर मारायला गेले होते. तिथं फोन नव्हता. जतच्या एका दुकानात निरोप ठेवला तर तो दोन दिवसांनी पोचायचा.

मी पायलचा हात धरून बंगल्यात गेले आणि मॅडमना सांगितलं. त्यांचा चेहरा कागदासारखा झाला, पण त्या ओरडल्या नाहीत. दोघी पोरींना त्यांनी न्हाणीघरात नेलं, साबण लावून नळाखाली जखमा धुवायला लागल्या. घड्याळ लावून पंधरा मिनिटं एकीच्या, पंधरा मिनिटं दुसरीच्या. पायलच्या बोटाची खपली निघून रक्त आलं, तरी त्यांनी हात सोडला नाही. हे मी विसरणार नाही. त्या वेळी त्यांनी दोघींत काडीचाही फरक केला नव्हता.

मग त्यांनी मुंबईच्या ऑफिसला फोन लावला. मी पायलला घेऊन एसटीनं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथं पोटात चौदा इंजेक्शनं देतात हे मला ठाऊक होतं. पायलला वाटेतच सांगून टाकलं, म्हणजे ऐनवेळी पळायला नको. पण खिडकीतली बाई म्हणाली, "लस संपलीय. सोमवारी या."

"बाई, कुत्रं मेलंय. मंगळवारी चावलंय."

"मग मंगळवारीच का नाही आलात?"

आम्ही परत आलो.

शनिवारी सकाळी पुण्याच्या गाडीनं संस्थेचा माणूस आला. त्याच्याकडं बर्फ घातलेला थर्मास होता आणि त्यात पाच छोट्या बाटल्या. ही नवी लस, दंडात घ्यायची, पाच वेळा. पहिली आज, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. तो मॅडमना म्हणाला, "दुकानात एवढ्याच होत्या. नवा माल कधी येईल सांगता येत नाही." गावातले लालासाहेब डॉक्टर बंगल्यावर आले. टेसला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. पायल आणि मी स्वयंपाकघरात उभ्या होतो. आतून टेसचा "आई गं!" एवढाच आवाज आला. तिला दुखलं की ती इंग्रजीत कधी ओरडायची नाही.

डॉक्टर गेल्यावर मॅडम बाहेर आल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "नीलिमा, मी पायलसाठी ऑफिसला विचारले आहे. ते सोमवारी कळवतील."

"सोमवारी," मी म्हणाले.

"होय. मला फार खेद वाटतो."

उरलेल्या चार बाटल्या त्यांनी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या आणि त्या मागच्या खोलीत गेल्या. तिथून ट्रंका ओढल्याचे आवाज यायला लागले. काय शोधत होत्या कोण जाणे. मी कांदा चिरायला घेतला, पण कांदा कुठं आणि सुरी कुठं. पिल्लाच्या तोंडची लाळ डोळ्यांसमोरून हलत नव्हती. आमच्या आळीतला केरूतात्या असाच गेला होता. पाण्याचा तांब्या दिसला तरी त्याचं अंग ताठायचं. मी तेव्हा दहा वर्षांची होते, खिडकीतून पाहिलं होतं.

टेस दंड चोळत स्वयंपाकघरात आली, पायलजवळ बसली. "लय न्हाई दुखत," ती पायलला म्हणाली. "आन मला दोनच घ्यायच्या हायत, बहुतेक."

"दोनच कशा?" मी विचारलं.

"मी बारकी असताना आमच्या देशात मला आधीच सुया टोचल्या हुत्या. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, तवा तिन्ही टोचल्या असतील तर आता दोनच पुरे. पण आई म्हणती, तीन टोचल्या का दोन, ते आठवत न्हाई. कार्ड घावत न्हाई."

पाचातून दोन गेल्या तर तीन राहतात, एवढा हिशोब पायललाही येत होता. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तोंड फिरवलं.

मागच्या खोलीत अजून सामान सरकत होतं. मी हात धुतले, पदराला पुसले. फ्रीज उघडला. बाटल्या ओळीनं होत्या, प्रत्येकीसोबत लस कालवायच्या पाण्याची एक काचेची कुपी. मी एक बाटली आणि एक कुपी उचलली, स्टीलच्या डब्यात बर्फाचे खडे घातले, त्यात ठेवली. पाच वर्षं त्या घरात होते. साखरेचा दाणा कधी न विचारता घेतला नव्हता. मॅडम पगाराची पाकिटं टेबलावर उघडी टाकून बाजारला जायच्या.

"टेस, मी पायलला घेऊन जाऊन येते," मी म्हणाले. टेसनं डब्याकडं पाहिलं. तिला कळलं असणार. ती एवढंच म्हणाली, "मावशी, पळत जावा. बर्फ वितळंल."

लालासाहेब डॉक्टरांनी डबा उघडला आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "ही तर मघाची. मॅडमला माहीत हाय का?"

"त्यांनीच दिलीया."

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी कशाला, डॉक्टर? तुमीच मघाशी तिथं हुता की."

ते थोडा वेळ बाटली फिरवत राहिले. बाहेर बाकावर पेशंट खोकत होते. मला वाटलं आता हे बंगल्यावर फोन करतात. फोन त्यांच्या टेबलावरच होता. मग ते पायलला म्हणाले, "ये बाळ, बाही वर कर." सुई दंडात शिरली तशी मी भिंतीला टेकले. पायल रडली नाही. माझ्याचकडं बघत होती.

परत आलो तर मॅडम स्वयंपाकघरात फ्रीजसमोर जमिनीवर बसल्या होत्या. केस विस्कटलेले, हातांना ट्रंकेतली धूळ. फ्रीजचं दार उघडंच. त्यांनी बाटल्या मोजल्या होत्या हे उघड होतं. मी पायलला बाहेर पाठवलं आणि रिकामा डबा ओट्यावर ठेवला.

"मी नेली, मॅडम. पायलला दिली. डॉक्टरांना तुमचं नाव सांगितलं, ते खोटं हुतं. त्यांचा काय दोष न्हाई."

त्यांनी विचारलं, "दंडातच दिली ना? कमरेत नाही?"

"दंडात."

"बरे." त्यांनी फ्रीजचं दार लावलं. "मी कार्ड शोधत होते. टेसला तीन टोचल्या असतील, तर बाकीच्या पायलला द्यायच्या असे मी ठरवले होते. कार्ड मिळाले असते तर मी तुम्हाला हाक मारणार होते."

"आन न मिळालं असतं तर?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण उत्तर आलं नाही. त्या दिवशीचा स्वयंपाक मी नेहमीसारखा केला. त्या टेबलाशी बसल्या, जेवल्या मात्र नाहीत.

मॅडमनी जतला ठेवलेला निरोप कसा लवकर पोचला माहीत नाही, पण रविवारी दुपारी गाडी दारात आली. साहेब धावत आत गेले. मिलिंद माझ्याकडं आले, पायलला छातीशी धरलं. मी त्यांना सगळं सांगितलं, तसे त्यांचे हात सैल पडले.

"चोरी केलीस तू? साहेबांच्या घरात?"

"आवं, पोरगी—"

"पोरगी मला बी हाय! विचारायचं तरी. आता कुठल्या तोंडानं गाडीवर बसू?"

तेवढ्यात टेस बोलवायला आली. साहेबांनी दोन्ही घरांना एकत्र जेवायला बोलावलं होतं. रविवारी जेवणाआधी ते नेहमी हात जोडून, आम्हालाही कळावी म्हणून मराठीत, प्रार्थना करायचे. आम्ही बौद्ध. आम्ही नुसते शांत उभे राहायचो, त्यावर त्यांची कधी हरकत नव्हती. मिलिंद दारातच थांबले, आत येईनात. साहेबांनी डोळे मिटले. देवाचे आभार मानले, पोरींसाठी मागणं केलं, आणि मग म्हणाले, "आणि हेदरच्या मोठ्या मनासाठी तुझे आभार, की तिने आपल्या मुलीच्या वाटणीतले पायलला दिले—"

मी मॅडमकडं पाहिलं. म्हणजे त्यांनी साहेबांना तसंच सांगितलं होतं. मला वाचवायला. माझ्या मनात आलं, राहू दे असंच. मिलिंदची नोकरी राहील, घर राहील. मान खाली घालायची आणि जेवायला बसायचं.

"ग्रेम, थांब," मॅडम म्हणाल्या. साहेबांनी डोळे उघडले. "मी दिली नाही. नीलिमाने घेतली. मी तुला खोटे सांगितले, पण प्रार्थनेत मला ते ऐकवत नाही."

वरणाचं पातेलं मधोमध वाफाळत होतं. साहेब माझ्याकडं वळले. "खरे आहे?"

"खरं हाय, साहेब."

"पाच वर्षे तुम्ही आमच्याबरोबर आहात." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण कापत होता. "तुम्हाला असे का वाटले, की आम्ही देणार नाही? मागितली का नाही?"

हा प्रश्न मी स्वतःला रात्रभर विचारला होता, म्हणून उत्तर तयार होतं. "मागितली असती आन तुमी न्हाई म्हणाला असता, तर मग मला घेता आली नसती."

साहेबांनी बायकोकडं पाहिलं. मॅडम त्यांच्याकडं बघत होत्या, नजर खाली नव्हती. शेवटी साहेबांनी खुर्ची मागं सारली, दारात गेले आणि मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवला. "आत या. अन्न थंड होईल." प्रार्थना तशीच अर्धी राहिली.

सोमवारी पहाटेच्या गाडीनं साहेब स्वतः मुंबईला गेले. दोन दिवस तिथं दुकानं आणि दवाखाने हिंडले आणि बुधवारी बाटल्या घेऊन परतले. तोवर मंगळवारची तिसऱ्या दिवसाची सुई होती. ती मॅडमनी फ्रीजमधल्या बाटल्यांतून दोघींना दिली. कार्डाचं उत्तर नसतानाच. सकाळी त्यांनीच दोन बाटल्या काढून डब्यात ठेवल्या आणि मला म्हणाल्या, "चला." रस्ताभर पोरी पुढं पळत होत्या.

मिलिंद आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. नोकरी गेली नाही. पण त्या घरात पहिल्यासारखं काही राहिलं नाही. मॅडम मला काही आणायला सांगताना आता दोनदा विचार करायच्या. आणि मी फ्रीज उघडताना मोठ्यानं सांगायचे, "मॅडम, दूध घेते हं."

अठ्ठाविसाव्या दिवशी मॅडम आणि मी दोन्ही पोरींना घेऊन लालासाहेब डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर बसलो होतो. दोघींची शेवटची सुई. ऊन रणरणत होतं, पंखा बंद होता. मॅडमनी एकदम विचारलं, "नीलिमा, माझ्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते?"

मी पुष्कळ विचार केला. 'दिली असती' म्हणणं सोपं होतं.

"म्हाईत न्हाई, मॅडम," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. आत कंपाउंडरनं पायलचं नाव घेतलं. टेस म्हणाली, "मी बी येते," आणि दोघी हात धरून आत गेल्या. आम्ही उठून त्यांच्या मागं गेलो.